नव्या कार्डाची मर्यादा

चाळीस वर्षे धान्याच्या घाऊक व्यापारात आमचा वायदा कधी चुकला नाही. तरीही एका बँकेने आम्हांस नव्या क्रेडिट कार्डावर अवघी पन्नास हजारांची मर्यादा दिली. दुसऱ्याच महिन्यात वाढ मागितली, नकार आला. मनास लागले. मग स्मरले : नव्या गिऱ्हाइकास आम्ही तरी प्रथम दहाच पोती उधार देतो. पतमापनाच्या ३०० ते ९०० गुणांत बाजारातील तोंडी पत धरली जात नाही. म्हणून वर्षभर संपूर्ण बिल मुदतीत भरले, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाबाहेर खर्च केला नाही. मग प्राप्तिकराचे विवरणपत्र जोडून अर्ज केला. मर्यादा वाढली. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या संमतीवाचून ती वाढविता येत नाही. तेव्हा व्यापारी बंधूंनो, संमती देण्यापूर्वी फेडीची सोय पाहावी. वाढीव मर्यादा ही मिळकत नव्हे, उधारीच होय.