तलंगांच्या कळपात मोठ्या कोंबड्या घ्याव्यात काय?

परसात दहा-पंधरा पिल्ले पाळणाऱ्या कुटुंबास, पिल्ले तीन महिन्यांची झाली की अधीरता जाणवू लागते. दाणा रोज खर्ची पडतो, अंडे मात्र एकही मिळत नाही. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींच्या तलंगा साधारणतः साडेपाच ते सहा महिन्यांच्या झाल्यावरच अंड्यावर येतात. मधल्या काळात घरात अंडी मिळावीत व दोन पैसे हाती यावेत, म्हणून आठवड्याच्या बाजारातून दोन-तीन मोठ्या कोंबड्या आणून त्याच खुराड्यात सोडण्याचा विचार सुचतो. तो अमलात आणण्यापूर्वी लाभ व धोका यांचा हिशेब मांडणे अवश्य आहे.

लाभाचा हिशेब थोडक्यात होण्याजोगा आहे. गावठी कोंबडी वर्षाकाठी सुमारे ६० ते ७० अंडी देते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक बसते. तलंगा अंड्यावर येईपर्यंतच्या अडीच-तीन महिन्यांत अशा तीन कोंबड्यांपासून फार तर ४० ते ५० अंडी मिळतील. जागा बदलली की कोंबडी बहुधा काही दिवस अंडी देणे बंद करते, ही तूट निराळीच. शिवाय चांगली अंडी देणारी कोंबडी कोणी सहसा विकावयास काढीत नाही, हेही खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

धोक्याची बाजू याहून पुष्कळ जड आहे. बाजारात अनेक गावांच्या, अनेक घरांच्या कोंबड्या एकाच डालग्यात दाटीने येतात. त्यांतील एखादी मानमोडीची लागण झालेली असली तरी पहिले काही दिवस ती धडधाकट दिसते. लस न टोचलेल्या कळपात हा रोग शिरला तर दोन-चार दिवसांतच खुराडे ओस पडू शकते. रक्ती हगवणीची गोष्ट आणखी फसवी आहे. मोठ्या कोंबडीच्या अंगी या रोगाची प्रतिकारशक्ती आलेली असते; ती स्वतः आजारी पडत नाही, पण तिच्या विष्ठेतून रोगजंतू बाहेर पडत राहतात आणि लहान पक्षी त्यास बळी पडतात. सर्दीच्या जुनाट रोगाचेही तसेच आहे. म्हणून ‘कोंबडी निरोगी दिसते’ एवढा पुरावा पुरेसा नव्हे.

दुसरी अडचण कोंबड्यांच्या स्वभावाची. नॉर्वेतील संशोधक शेल्डरुप-एब्बे यांनी सुमारे १९२१-२२ साली दाखवून दिले की, प्रत्येक कळपात चोची मारण्याचा एक क्रम ठरलेला असतो. नवी कोंबडी आली की तो क्रम मोडतो व नव्याने ठरतो. या झटापटीत वयाने व वजनाने कमी असलेल्या तलंगा मार खातात, दाण्यापासून हाकलल्या जातात आणि त्यांची वाढ खुंटते. पुढे सहाव्या महिन्यात अंडी मिळावयाची ती लांबणीवर पडतात. म्हणजे ज्या घाईपोटी कोंबड्या आणल्या, तीच घाई नडते.

यावरून असा निर्णय निघतो की, तलंगा चार महिन्यांच्या आतील असतील, किंवा त्यांना मानमोडीची लस दिलेली नसेल, तर मोठ्या कोंबड्या मुळीच आणू नयेत. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा व आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी लस दिली आहे किंवा नाही, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम विचारावे. परिसरात रोगाची साथ असल्यास खरेदीचा विषयच काढू नये.

तलंगा पुरेशा वाढलेल्या असून, अंडी उबविण्यासाठी खुडूक बसणारी गावठी कोंबडी हवी असेल, तर मात्र खरेदीस आधार आहे. ती बाजारातून न घेता ओळखीच्या एकाच घरून घ्यावी. तुरा लाल व मऊ, डोळे तेजस्वी, पिसांच्या बुडाशी उवा नाहीत, हे पाहावे. शेपटीखालील दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटे मावली तर कोंबडी अंड्यावर आहे असे समजावे. जेमतेम एकच बोट मावले तर ती अंड्यावर नाही.

आणलेली कोंबडी किमान ३० दिवस घराच्या दुसऱ्या बाजूस निराळ्या डालग्यात ठेवावी. तिचे पाण्याचे भांडेही निराळे असावे. दाणापाणी प्रथम तलंगांना, मग तिला, आणि नंतर हातपाय साबणाने धुवावे. गावोगाव नेमके हेच पाळले जात नाही. डालगे निराळे असते, पण भांडे एकच फिरते. लसीबाबत पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

महिन्यानंतर आठ-दहा दिवस मधे जाळी लावून दोघींची ओळख होऊ द्यावी. मग अंधार पडल्यावर कोंबडी खुराड्यात बसवावी. दाण्याची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे दुबळ्या तलंगेस दुसरीकडे खाता येते. अंड्यावरच्या कोंबडीचे जास्त चुन्याचे खाद्य तलंगांच्या मूत्रपिंडांस अपाय करते. म्हणून सर्वांना वाढीचे खाद्य घालून शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीस गरज असते ती तो आपण होऊन खाते. पहिले तीन-चार दिवस सकाळी लवकर खुराडे उघडून पाहावे, आणि ज्या तलंगेस रक्त आले असेल तिला तत्काळ वेगळे काढावे. कारण रक्त दिसले की इतर कोंबड्याही त्याच जागी चोची मारू लागतात.