वेचून काढलेले काजू

मुलांनो, रमजान ईदच्या सकाळी नमाज पढून आल्यावर तुम्ही आधी काय खाता? शीरखुर्मा, हो ना? त्यात काजू, बदाम, पिस्ते, चारोळी किती सढळ हाताने घातली आहे, यावरून आपण एकेका घरच्या शीरखुर्म्याची तारीफ करतो. हाच सुकामेवा एखाद्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो, हे मला २०१९ सालच्या ईदपर्यंत नीट ठाऊक नव्हते. मी बी.एड. झालेला शिक्षक, तरीही ठाऊक नव्हते.

माझी भाची तेव्हा तीन वर्षांची होती. एकदा काजू खाल्ल्यावर तिच्या ओठांभोवती पित्ताच्या गांधी उठल्या होत्या. तेव्हापासून आपा तिला काजू देत नसे. मलाही ते माहीत होते. म्हणून त्या दिवशी मी तिच्या वाटीतला एकूण एक काजू चमच्याने वेचून काढला आणि मगच वाटी तिच्यापुढे ठेवली. मला वाटले, झाले काम!

तिने दोन-तीन चमचे खाल्ले असतील नसतील, तोच ती जीभ चोळू लागली. "मामू, घशात टोचतंय," ती म्हणाली. मी हसलो आणि तिला पाणी दिले. थोड्याच वेळात तिचा आवाज घोगरा झाला, डोळे सुजले, ती ओकली आणि माझ्या मांडीवर निपचित पडली. तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. आम्ही तिला रिक्षाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि लगेच मांडीत इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने तिचा श्वास मोकळा झाला आणि ती मोठ्याने रडू लागली. ते रडणे ऐकून आपाच्या जिवात जीव आला.

हे असे का होते? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. एखाद्याच्या शरीरात ही फौज काजूतील किंवा अक्रोडातील प्रथिनालाच शत्रू समजून बसते. मग त्या प्रथिनाविरुद्ध खास प्रतिपिंडे तयार होतात आणि त्वचा, घसा, फुप्फुसे, आतडी येथील काही पेशींना चिकटून राहतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ पोटात गेला, की या पेशी फुटाव्यात तशा हिस्टामीन आणि इतर द्रव्ये बाहेर टाकतात. त्यामुळे अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वासनळ्या आखडतात, रक्तदाब खाली जातो. काजू बिचारा निर्दोष असतो. चूक पहारेकऱ्याची असते! व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली शरीराच्या अशा बदललेल्या वागण्याला 'ॲलर्जी' हे नाव दिले.

आता माझ्या चुका ऐका. काजू वेचले, तरी ते दुधात उकळलेले होते. त्यांचे प्रथिन दुधात उतरले होते आणि शिजवल्याने ते निरुपद्रवी होत नाही. शिवाय वाटीत पिस्ते तसेच होते. काजू आणि पिस्ता हे एकाच कुळातले. ज्याला काजू चालत नाही, त्याला बहुधा पिस्ताही चालत नाही. अक्रोड आणि पेकान यांचीही अशीच जोडी आहे. चारोळी, आंबा आणि बिब्बा हेसुद्धा काजूच्याच कुळातले आहेत, हे ऐकून आपा घाबरलीच. पण काजूची ॲलर्जी असलेली बहुतेक मुले आंबा खुशाल खातात. चारोळी मात्र तपासणी होईपर्यंत देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले.

कोकणातल्या मुलांना काजूचे आणखी एक रूप माहीत असते. ओला काजू फोडताना टरफलातील तेल लागले, की ओठ आणि बोटे भाजल्यासारखी होतात. बिब्बा उततो ना, तसेच. ती मात्र कातडीची गोष्ट झाली. मी सांगतो आहे, ती ॲलर्जी खाण्यातून होते. शेंगदाणा तर झाडावरचा मेवाच नव्हे. तो जमिनीखाली वाढतो आणि वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातला आहे. त्याची ॲलर्जी वेगळी असते, पण काही मुलांना दोन्ही असतात.

दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयाबरोबर जाते. सुक्या मेव्याची सहसा जात नाही. साधारण दहांतील एखाद्याच मुलाची जाते. म्हणून ज्याला ॲलर्जी नाही, त्याचे काजू-बदाम बंद करावेत, असे नव्हे. फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, तो घशात अडकतो. कूट करून द्यावे.

तुमच्या घरी लहान भावंडे असतील. तान्ह्या मुलाला "घसा आवळतोय" असे सांगता येत नाही. ते जीभ बाहेर काढते, कान ओढते, लाळ गाळते, किंवा एकाएकी गप्प होते. खाल्ल्यावर काही मिनिटांत, क्वचित तासा-दोन तासांत, असे काही दिसले आणि श्वासही लागू लागला, तर घरगुती उपाय करीत बसू नका. मुलाला आडवे ठेवा, चालवू नका. दम लागत असेल, तर बसू द्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अशा वेळी खरे औषध एकच, ॲड्रेनलीनचे इंजेक्शन. ते श्वासनळ्या मोकळ्या करते आणि रक्तदाब वर आणते. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण आवळलेला श्वास सोडवीत नाही. बरे वाटल्यावरही त्रास काही तासांनी उलटू शकतो. म्हणून माझ्या भाचीला त्या रात्री दवाखान्यातच ठेवले होते.

२०२० सालच्या नियमांनुसार बंद पाकिटावर झाडाच्या मेव्याचा उल्लेख करावा लागतो. आपा आता प्रत्येक पुडा उलटून वाचते. मिठाईच्या दुकानात मात्र काजूकतली कापलेल्या सुरीनेच पेढेही उचलले जातात. ते कुठे लिहिलेले असते? त्यामुळे सुटी मिठाई आमच्या घरी येत नाही. शाळेतही ती कोणाच्या डब्यातले खात नाही. "तू गर्विष्ठ आहेस," असे एका मैत्रिणीने तिला म्हटले, तेव्हा ती घरी येऊन रडली होती.

तुम्ही उर्दू शिकता, तेव्हा तुम्हांला माहीत असेल, शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावात काजूही नाही आणि पिस्ताही नाही! आमच्या अम्मीने हे ओळखले. आता ईदला आमच्या घरी दूध, खजूर आणि तुपात परतलेल्या शेवया एवढ्यांचाच शीरखुर्मा होतो, नव्या पातेल्यात आणि वेगळ्या डावाने. पहिली वाटी भाचीला मिळते, आणि ती आधी मला विचारते, "मामू, यात काय काय आहे?"