दातिवऱ्यात प्लॉट घेण्याआधी

आता दातिवऱ्याचंच उदाहरण घेऊ. वैतरणेच्या मुखाजवळचं गाव, रेल्वेनं यायचं तर सफाळ्याला उतरायचं. समुद्र बघून माणूस भुलतो, निवृत्तीचे पैसे बयाणा म्हणून देऊन टाकतो आणि सातबारा नंतर बघतो. क्रम उलटा हवा.

पहिला प्रश्न, जमीन कुणाची? सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही काढा. खातेदार आदिवासी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला ती घेता येत नाही. नुसत्या नोटरीच्या कागदावर मालकी मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा, जमीन शेतीची की बिनशेती? शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या नावावर शेती नसेल, तर आधी परवानगी.

तिसरा, भरतीरेषा किती लांब? २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत ग्रामीण समुद्रकिनाऱ्यावर दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. खाडीकाठाला वेगळं मोजमाप. म्हणजे बघा, जिथून समुद्र सगळ्यांत छान दिसतो, तिथेच घर बांधता येणार नाही असं होऊ शकतं!

आणि मे महिन्यात जाऊन शेजारच्या विहिरीचं पाणी चाखा. ते खारट लागलं, तर टँकरचा खर्च हिशेबात धरा.

शेवटी स्वतःला विचारा, राहायचंय की पुढे विकायचंय? विकायचं असेल, तर हेच प्रश्न उद्याचा गिऱ्हाईक तुम्हाला विचारणार आहे. उत्तरं कागदावर असतील, तरच बयाणा द्या.