उथळ पाण्याचा नाथसागर

कोयना आणि जायकवाडी या दोन धरणांचं पाणी मापात जवळजवळ सारखंच भरतं. तिथं १०५ टीएमसी, इथं १०२. पण कोयनेचा शिवसागर सह्याद्रीच्या दरीत कोंडलेला आहे, त्याचा पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर. जायकवाडीचा पैठणजवळचा नाथसागर साडेतीनशेच्या घरात जातो. भागाकार केला की धरण काठोकाठ भरलेलं असतानाही सरासरी खोली आठ मीटरच्या आसपासच निघते. गोदाकाठ इथं इतका सपाट, की नदी अडवायला सुमारे दहा किलोमीटर लांबीचं मातीचं धरण बांधावं लागलं. जायकवाडीचं जे काही बरंवाईट झालं, त्यातलं पुष्कळसं या उथळपणाच्या पोटी जन्मलेलं आहे.

मूळ बेत हैदराबाद राज्याच्या काळातला. धरण व्हायचं होतं बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. पुढं जागा पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. मुख्य हेतू मराठवाड्याची कोरडवाहू जमीन भिजवण्याचा. २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणीकडे जातो, १३२ किलोमीटरचा उजवा माजलगाव धरणाला पाणी पोचवतो. आराखड्यात भर आठमाही पिकांवर होता. शेतात उभा राहिला ऊस. शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे. पण पुढची पाळी कधी सुटेल याचा भरवसा नसला, की माणूस चार दिवस तगणारं आणि हक्काचं गिऱ्हाईक असलेलं पीकच निवडतो. कालव्याच्या तोंडाशी पाणी जास्त, शेपटाला ठणठणाट. आणि निचरा नसलेल्या काळ्या जमिनी काही ठिकाणी चिबड झाल्या.

सिंचनासाठी बांधलेलं धरण हळूहळू शहराची घागर झालं. छत्रपती संभाजीनगर आणि भोवतालच्या औद्योगिक वसाहती याच पाण्यावर जगतात. एकूण साठ्यातला चौथा हिस्सा, म्हणजे २६ टीएमसी, मृतसाठा. तो कालव्यात उतरत नाही. पण २०१२-१३ सारख्या दुष्काळात आपत्कालीन पंप लावून शहरानं तोच उपसला. वीजनिर्मितीचं सांगण्यासारखं फारसं नाही: १२ मेगावॉटचा एक संच, गरजेनुसार खाली सोडलेलं पाणी उलटं वर चढवू शकणारा.

पूरनियंत्रणाची गोष्ट अधिक टोकदार आहे. मातीच्या धरणावरून पाणी ओसंडू देता येत नाही. सारा भार सांडव्याच्या २७ दरवाजांवर. ऑगस्ट २००६ मध्ये अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग करावा लागला आणि धरणाच्या पायथ्याचं पैठण पाण्यात गेलं. पाणी साठवून ठेवायचं की पुरासाठी जागा मोकळी ठेवायची, हे दोन हेतू दर श्रावणात एकमेकांशी भांडतात.

एरवी भांडण टंचाईचंच. धरणाच्या आराखड्यात हिशेबात धरलेलं पाणी नंतर वर नाशिक-नगरमधल्या धरणांत अडत गेलं. शेवटी २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं आदेश दिला: ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. दोन वर्षांनी उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. न्याय झाला, पण कोरड्या पात्रातून येताना पाण्याचा बराच भाग वाळू पिते. पोचलेल्या पाण्यावर उन्हाळा टपलेला असतोच. उथळ, रुंद जलाशय म्हणजे उन्हात ठेवलेली परात.

आता याच दोषाची दुसरी बाजू पाहा. पाणी ओसरू लागलं की काठाला मैलोन्मैल ओला गाळ उघडा पडतो. त्यात किडे, शंखगोगलगायी, कोवळ्या पाणवनस्पती. पलीकडे गुडघाभर पाणी. रोहित, पट्टकादंब, थापट्या, तलवार बदकं यांना हवं असतं ते नेमकं हेच. खोल धरणात त्यांचं पोट भरत नाही. एकाही अभियंत्यानं हा हेतू आराखड्यात लिहिला नव्हता, तरी १९८६ मध्ये नाथसागर पक्षी अभयारण्य झाला. मला विचाराल तर धरणानं सर्वांत चोखपणे बजावलेलं काम हेच.

पण त्याच गाळावर माणसाचाही हक्क आहे. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांतली अनेक कुटुंबं उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. हरभरा, गहू, ज्वारी. पीक जोमदार येतं, फवारणीही होते, आणि ते औषध पुढच्या पावसाळ्यात पाण्यात उतरतं. गाळपेर बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी त्या कुटुंबांच्या बुडालेल्या सातबाऱ्याचं काय करणार हे सांगायला हवं.

आता जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव आहे. वीज मिळेल, झाकल्या भागातलं बाष्पीभवनही कमी होईल. हिशेब चुकीचा नाही. त्यात गृहीत धरलंय ते एवढंच, की पाण्याचा तो पृष्ठभाग रिकामा आहे. जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना आणि पक्षी अभ्यासकांना तसं वाटत नाही, आणि अभयारण्याचा कायदाही तसं म्हणत नाही.