ऐकावं कुणाचं, हे ठरवावं कसं?

पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात फोन हातात असलेल्या माणसाकडे दिवसभर बातम्या आणि चर्चा आपसूक येत राहतात. त्यांतून ऐकण्याजोगं वेचायचं म्हटलं की काही पक्क्या समजुती आडव्या येतात. त्या आधी बाजूला करायला हव्यात.

पहिली समजूत अशी की, पॉडकास्ट म्हणजे दोघं जण माइकसमोर बसून यूट्यूबवर मारतात त्या गप्पा. हे त्याचं अलीकडचं रूप झालं. मूळ पॉडकास्ट म्हणजे एक ध्वनिफीत आणि ती कुठे ठेवली आहे हे सांगणारा आरएसएस नावाचा खुला पत्ता. हा पत्ता कोणत्याही ॲपमध्ये टाकला की नवा भाग आपोआप येतो. ॲपलने २००५ साली आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि ते सर्वदूर पोचलं, पण ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं कधीच नव्हतं. २०२४ मध्ये गुगलने आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं, तरी कार्यक्रम बंद पडले नाहीत, कारण त्यांचे पत्ते शाबूत होते. अँटेनापॉडसारख्या मोफत आणि जाहिरात नसलेल्या ॲपमध्ये तेच कार्यक्रम ऐकता येतात.

‘त्याला खूप नेट लागतं’ हीही चुकीची समजूत. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएसवर साठवला तर तासाभराचा भाग साधारण २९ एमबीचा होतो. तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ याच्या कितीतरी पट डेटा खातो आणि स्क्रीनही चालू ठेवावी लागते. भाग रात्री घरी डाउनलोड करून ठेवला, की दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना रेंज नसली तरी फोन खिशात ठेवून ऐकता येतो. शेतात दिवस काढणाऱ्याला याहून सोयीचं माध्यम माझ्या पाहण्यात नाही.

आता ॲपमधल्या यादीचं बघू. ॲप उघडताच वर दिसतं ते उत्तम, असं आपण गृहीत धरतो. पण या याद्या लोक किती ऐकतात, किती जण फॉलो करतात अशा आकड्यांवरून यंत्र बनवतं. मजकूर खरा आहे का, माहिती कुठून आणली, हे त्या हिशेबात येत नाही. लाखो सबस्क्रायबर असलेला माणूस चुकीचं बोलू शकतो आणि दोनशे श्रोत्यांचा कार्यक्रम वर्षभर अभ्यास करून केलेला असू शकतो.

‘स्वतंत्र’ या बिरुदाभोवतीचा घोळ मोठा आहे. स्वतंत्र माध्यम म्हणजे कुणाचाच पैसा नसलेलं, असं अनेकांना वाटतं. मग कुठून तरी देणगी आल्याचं कळलं की ‘हेही विकलेलेच’ असा निकाल लागतो. आपला इतिहास वेगळं सांगतो. डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघालं त्यात शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. त्याने पत्राची धार कमी झाली नाही. गांधीजी १९३६ पासून आपल्याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. त्यांनी आपली साप्ताहिकं जाहिरातींशिवाय, वाचकांच्या वर्गणीवर चालवण्याचा आग्रह धरला. पैसा दोन्हीकडे लागलाच. प्रश्न होता तो कुणाचा आणि त्याबदल्यात काय मागितलं जातं, हा. आजही बघायचं ते एवढंच. ‘न्यूजलॉन्ड्री’ ही ऑनलाइन वृत्तसंस्था २०१२ पासून चालू आहे आणि मुख्यतः वर्गणीदारांच्या पैशावर चालण्याचा तिचा आग्रह आहे. तिचे हिंदी पॉडकास्टही आहेत. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक आता इंटरनेटवरही वाचता येतं. कोणत्याही संकेतस्थळावर ‘आमच्याविषयी’ हे पान आधी उघडावं. संपादकाचं नाव नाही, पत्ता नाही, पैसा कुठून येतो याबद्दल अवाक्षर नाही, असं असेल तर तिथे ‘निर्भीड’ हा शब्द कितीही ठळक छापलेला असो, मी तरी पुढे जात नाही.

मात्र स्वतंत्र आहे म्हणून खरंच असेल, असंही नाही. स्वतंत्र माणूसही आळशी असू शकतो. मग पारख कशी करायची? त्यासाठी मोठ्या शिक्षणाची गरज नाही. ज्या विषयात तुम्ही सांगणाऱ्यापेक्षा जास्त जाणता, त्या विषयावर त्याला आधी ऐका.

नाचणगावकराकडे असे निदान दोन विषय आहेत. एक, पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराची आग. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर ती लागली. त्यात सैन्याचे अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले आणि आसपासच्या गावांतून लोकांना हलवावं लागलं. पहिल्या दिवशी मृतांचे आकडे वेगवेगळे येत होते. त्या घटनेवरचा एखादा कार्यक्रम लावा आणि कान देऊन ऐका. आकडा कुणी दिला हे तो सांगतो का? आकडा नंतर बदलल्याचं सांगतो का? गावांची नावं नीट घेतो का? की नुसतं थरारक संगीत आणि कटाच्या गोष्टी? तुम्ही ती रात्र जगला आहात, तुमच्यापासून लपणार काही नाही.

दुसरा विषय कापूस. ‘बीटी कापसाला कीडच लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर तो शेताच्या बांधावर आलेलाच नाही. बीटी बियाण्यातली प्रथिनं बोंडअळीसाठी असतात. मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना ती आवरत नाहीत. आणि गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनांनाही दाद दिली नाही. २०१७ मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्याने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. उलट, ‘बीटीमुळे सगळाच सत्यानाश झाला’ असं एका दमात सांगणाराही तपासूनच घ्यावा. सुरुवातीची वर्षं, बियाण्याचा भाव, फवारणीचा खर्च, पावसावरची शेती हे सगळं जो वेगवेगळं करून सांगतो, त्याच्यावर दुसऱ्या विषयातही थोडा विश्वास टाकायला हरकत नाही.

‘मराठीत ऐकण्या-वाचण्यासारखं नाहीच’ हा सूर मला सर्वांत जास्त टोचतो. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर मराठीत मजकूर आहे, आणि तो वाचायला पैसे पडत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. त्यावरचं जयदीप हर्डीकर यांचं वार्तांकन तिथे आहे. तिथेच जात्यावरच्या ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक प्रत्यक्ष बायांच्या आवाजात ऐकता येतात. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत दिलेलं असतं. नागपुरात दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेलं ‘आजचा सुधारक’ हे नियतकालिक आता इंटरनेटवर आहे. बीबीसी मराठीचे पॉडकास्ट आहेत, आणि आकाशवाणीच्या ॲपवर नागपूर केंद्रही लागतं. उणीव आहे ती आपल्या तालुक्याच्या बातमीची. देवळी तालुक्यात काय चाललंय हे नेमाने आणि तपासून सांगणारा पॉडकास्ट माझ्या ऐकण्यात आलेला नाही.

पॉडकास्ट काढायला सरकारी परवाना लागतो, हा शेवटचा गैरसमज. परवाना लागतो तो रेडिओ केंद्राला. खासगी एफएमला तर स्वतःच्या बातम्या देण्याचीही मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवता येतात तेवढंच. पॉडकास्टला तसा परवाना लागत नाही. कायदा मात्र लागू आहे. कुणाची खोटी बदनामी केली तर भारतीय न्याय संहितेचं ३५६ वं कलम फोनवर बोललेल्या शब्दालाही लागतं. म्हणून बाजार समितीतला कापसाचा भाव सांगायचा तर तो कोणत्या दिवशीचा आणि कुणाकडून घेतला हे बोलावं, ग्रामसभेचा ठराव सांगायचा तर त्याची प्रत हाताशी ठेवावी, आणि चूक झाली तर पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच दुरुस्ती सांगावी.