स्वस्त मोटारीचे गणित

गोरखीतून सुटून लष्करच्या रस्त्यांनी घरी परतताना किती मोटारी आपल्या शेजारून जातात! त्यांतील पुष्कळशा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाती आलेल्या असतात. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबास नवी गाडी झेपत नाही, म्हणून जुनीचा शोध सुरू होतो. मग एके दिवशी कोणीतरी वडिलांना सांगतो, “बाजारात साडेतीन लाखांना मिळणारी गाडी अडीच लाखांत देववतो. थोडी ठोकली होती, पण आता अगदी नव्यासारखी आहे.” घरात आनंदीआनंद होतो. अशा वेळी घरातील शिकत्या मुलांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : वरचे लाख रुपये वाचले ते कोठून? त्याचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम ‘ठोकलेली’ गाडी बाजारात येते कशी ते पाहू. विमा उतरवलेल्या गाडीचे दरवर्षी एक मूल्य ठरते. त्यास विमावाले आय. डी. व्ही. म्हणतात. विम्याच्या रूढ कोष्टकाप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या गाडीसाठी नव्या किमतीतून शेकडा ४० वजा करतात. नवी किंमत सहा लाख धरली, तर अशा गाडीचे मूल्य ३,६०,००० रुपये झाले. आता नियम असा की, दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या शेकडा ७५ हून, म्हणजे येथे २,७०,००० रुपयांहून अधिक होत असेल, तर गाडीची ‘संपूर्ण हानी’ झाली असे मानावयाचे. मग विमा कंपनी दुरुस्तीचा नाद सोडून मालकाचा हिशेब चुकता करते आणि मोडका सांगाडा लिलावाने विकला जातो.

म्हणजे गाडी ‘मेली’ हा निर्णय लोखंडाचा नसून हिशेबाचा असतो. जुन्या, कमी मूल्याच्या गाडीला बेताचा धक्का बसला तरी ती या रेषेपलीकडे जाते. परंतु वर्षभराची नवी गाडी जर ‘संपूर्ण हानी’त निघाली असेल, तर तिला लागलेला मार भयंकर असला पाहिजे, हे उघड आहे.

आता आपण स्वतः गणित करू. समजा, आपल्या उदाहरणातील सांगाडा लिलावात एक लाखास गेला. त्याची यथायोग्य दुरुस्ती २,७५,००० रुपयांची. बेरीज झाली ३,७५,०००. म्हणजे धड गाडीच्या मूल्याहूनही अधिक! तरीही विक्रेता तीच गाडी अडीच लाखांस देतो आणि वर नफाही मिळवतो. याचा अर्थ त्याने दुरुस्तीवर दीड लाखापेक्षा कमी खर्च केला. ही काटकसर तीन मार्गांनी होऊ शकते.

पहिला मार्ग प्रामाणिकपणाचा. कुशल मिस्त्री स्वतःची मेहनत धरत नाही. दार, बॉनेट, दिवे, रेडिएटर असे भाग भंगारातून निवडून आणतो आणि बसवतो. यात गैर काही नाही. मात्र अपघाताची छायाचित्रे व सामानाच्या पावत्या दाखवण्यास असा मिस्त्री कचरत नाही.

दुसरा मार्ग झाकपाकीचा. ट्रकला जशी खाली स्वतंत्र चौकट असते, तशी आजच्या बहुतेक लहान मोटारींना नसते. त्यांचे पत्र्याचे शरीर हाच त्यांचा सांगाडा. टक्कर होताच पुढचा भाग चेपावा आणि धक्का त्याने स्वतः गिळावा, अशी त्याची रचना असते. वाकलेला खांब आगीने तापवून, हातोड्याने सरळ केला व वर रंग दिला, तर तो दिसतो ठीक, पण त्याचे बळ गेलेले असते. एअरबॅग एकदा उघडली की पुन्हा उपयोगी पडत नाही; नवी महाग असते. म्हणून कित्येकदा ती बसवतच नाहीत, नुसते आवरण चिकटवतात! वाचलेल्या लाखाची किंमत मग पुढील अपघातात मागच्या बाकावर बसलेली आपली भावंडे मोजतात.

पुरात बुडालेली गाडीही याच वर्गातली. दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी दाबले जात नाही. म्हणून ते शिरलेले इंजिन चालू करू जाता आतला दांडा वाकतो. विजेच्या जोडण्यांतील गंज तर महिन्यांनी डोके वर काढतो. त्याच वर्षी ऑगस्टअखेर अमेरिकेत कतरिना वादळाने लाखो गाड्या बुडवल्या. तेथे अशा गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का बसतो आणि तो पुढील ग्राहकास दिसतो. आपल्याकडील नोंदणीपत्रावर असा शिक्का मारण्याची पद्धत नाही. म्हणून येथे ग्राहकानेच डोळस राहिले पाहिजे.

तिसरा मार्ग सरळ गुन्ह्याचा. येथे लिलावात सांगाडा घेतात तो लोखंडासाठी नव्हे, कागदांसाठी! त्याच जातीची, त्याच रंगाची गाडी चोरून आणतात आणि मेलेल्या गाडीचा चेसिस क्रमांक तिच्यावर ठोकतात. दिल्ली व उत्तर प्रदेशातील पोलिसांनी अशा टोळ्या उघडकीस आणल्या आहेत, आणि तो मुलूख आपल्या ग्वाल्हेरपासून दूर नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, गाडी कायमची निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावयाचे असते. देह गेला की कागदही गेला पाहिजे, हा त्यामागील हेतू. तो पाळला न गेल्याने कागद एकटा फिरू लागतो.

तेव्हा पारख कशी करावी? गाडी दिवसाउजेडी पाहावी. बॉनेट व दारे यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत काय? रंगाची छटा एकच आहे काय? गालिचा उचलून खाली व जादा चाकाच्या खळग्यात गाळ शोधावा. आसनाच्या रुळांवरील गंज पाहावा. चावी फिरवताच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर संशय घ्यावा. सतरा अक्षरांचा चेसिस क्रमांक नोंदणीपत्राशी एकेक अक्षर ताडून पाहावा. त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. आढळली तर तेथूनच परतावे. क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा असल्यास तेच करावे. विमा कंपनीकडे पूर्वीच्या दाव्यांची चौकशी करावी. शेवटी आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीकडून, विक्रेत्याच्या नव्हे, गाडी खालून तपासून घ्यावी.

व्यवहार ठरला तर २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म भरून नाव बदलून घ्यावे. गाडी परराज्यातील असल्यास तेथील नाहरकत पत्र आणावे. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद पाहावी. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. नोंदवहीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, मग गाडी कितीही हातांतून गेलेली असो.

मोडलेली वस्तू दुरुस्त करून वापरणे हा आपल्या घरांचा जुना आणि चांगला संस्कार आहे. तो सोडण्याचे कारण नाही. परंतु दुरुस्ती आणि झाकपाक यांतील भेद ओळखता आला पाहिजे. ज्या स्वस्ताईचा हिशेब विक्रेता उघडपणे मांडू शकतो ती घ्यावी. जिचा हिशेब जुळत नाही, तिची बाकी पुढे कोणाला तरी चुकती करावीच लागते. वर्गात शिकलेली बेरीज-वजाबाकी वडिलांच्या कष्टाचा पैसा आणि घरच्यांचे प्राण राखण्याच्या कामी आली, तर त्या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.