‘सहन कर’ आणि ‘पिशवी काढ’ यांच्यामध्ये

ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली आणि त्यांत अजून चाळिशीही न गाठलेल्या बायका होत्या.

फडावर एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढावं लागतं. दुकानातून मिळेल ती गोळी घेऊन बाई वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढते. मग कुणीतरी सांगतं, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. ती भीतीने होकार देते.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे, असं शहरातल्या आईला वाटेल. पण पाळीच्या दिवशी बाकावर डोकं टेकून बसलेल्या मुलीला आपणही ‘बाईच्या जातीला हे असतंच’, ‘लग्न झालं की थांबेल’ असंच सांगतो. अंगावर काढायची सवय तिथेच लागते. सहन करणं आणि पिशवी काढणं या दोन टोकांच्या मध्ये उपायांची मोठी वाट आहे आणि ती बहुतेकींना कुणी दाखवतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पाळी नव्याने आली की सुरुवातीचे काही महिने ती सहसा दुखत नाही. स्त्रीबीज नियमित बाहेर पडू लागलं की दुखणं सुरू होतं, म्हणून ‘आधी तर काही नव्हतं’ असं आयांना वाटतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळतो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ येते. तीच द्रव्यं आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून कुणाला जुलाब होतात, कुणाला मळमळतं. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ असतो हे इंग्लंडमध्ये पिकल्स या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये दाखवलं. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणंच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं आणि पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे हे दुखणं मनाचं नाही, नाटक तर नाहीच.

त्याच गटातली आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी नेमकी कधी घ्यायची, हेही यावरूनच कळतं. मुली अगदी असह्य होईपर्यंत थांबतात आणि मग ‘गोळीने काही होत नाही’ म्हणतात. द्रव्यं एकदा तयार झाली की गोळी उशिराच पोचते. पाळी सुरू होताच, किंवा तारीख ठरलेली असेल तर आदल्या दिवशीच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत एक-दोन दिवस नियमाने घेतली, तर ती खरं काम करते. मात्र उपाशीपोटी नाही; उपास असला तरी आधी काही खावं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर आधी विचारावं. गोळीनंतर ताप आणि अंगावर पुरळ आलं तर ती थांबवून डॉक्टरांकडे जावं. मेफेनॅमिक ॲसिडबाबत तशा दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रियेचा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये दिला आहे. ओटीपोटावरचा शेक हा आजीचा उपाय अभ्यासांतही खरा ठरला आहे. रोजचं चालणं, व्यायाम यांनीही पुढच्या पाळ्या हलक्या होतात.

एवढं करूनही दोन-तीन पाळ्यांत फरक नसेल, शाळा किंवा काम बुडतच असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. बिनदुखीची पाळी पंचविशी-तिशीत अचानक दुखायला लागली, दुखणं दर वर्षी वाढत चाललं, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, शौचाच्या किंवा संबंधांच्या वेळी कळ येते, तर थांबू नये. तास-दोन तासांत पॅड भिजत असेल किंवा रक्त सात दिवसांहून जास्त जात असेल, तर हिमोग्लोबिनही तपासावं. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला अचानक जोराची कळ आली, चक्कर आली, किंवा पोटदुखीबरोबर ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

गोळीने न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं असलेल्या बऱ्याच जणींना एंडोमेट्रिओसिस निघतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या साधारण दहातल्या एकीला तो असतो. तरी निदानाला अनेक वर्षं लागतात, कारण सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली की विषय मिटतो. तो मिटू देऊ नये. सोनोग्राफीत न दिसणारा एंडोमेट्रिओसिस असतो. आपल्याकडे अशा दुखण्यामागे जननमार्गाचा क्षयही असू शकतो, हे विसरून चालणार नाही.

अविवाहित मुलीला नेताना आईच्या मनात आतून तपासणीची धास्ती असते. बहुतेक वेळा विचारपूस आणि पोटावरून सोनोग्राफी एवढंच होतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकं आहेत. पाळीच्या दुखण्यावर डॉक्टर कधी हार्मोनच्या गोळ्या देतात; त्यांनी पुढे मूल होत नाही, हा समज खोटा आहे. अर्धशिशी, रक्तदाब, घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल, ते मात्र त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

पिशवी काढायला सांगितली, तर तीन प्रश्न विचारावेत: आजार नेमका कोणता? औषधं, हार्मोनची गोळी किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन करून पाहिलं का? अंडाशय ठेवणार का? मग अहवाल घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यावं. काही आजारांत शस्त्रक्रिया खरोखर लागते. पण अंडाशयही काढले तर तिशीतल्या बाईलाही रजोनिवृत्तीचे सगळे त्रास लगेच सुरू होतात: अंगाची लाही होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. ऊसतोड करणारी बाई त्यानंतरही तीच मोळी उचलत असते.